कागदमिस्त्रीची चिंधी

त्याचं खरं नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. सगळे त्याला कागदमिस्त्री म्हणत, आणि त्याला ते मनापासून आवडायचं. एखादं नवं गिऱ्हाईक "कागद का हो?" असं विचारायचं तेव्हा मिस्त्रीची कळी जी खुलायची, ती बघण्यासारखी असे. हातातलं काम हातातच राही आणि गोष्ट सुरू होई.

गोष्ट एवढीच होती. गाडीचं इंजिन किंवा गिअरबॉक्स उघडून पुन्हा बसवला की मिस्त्री ती गाडी लगेच देत नसे. गाडीखाली पांढरा कोरा कागद अंथरायचा, चार कोपऱ्यांवर चार नट ठेवायचे आणि गाडी रात्रभर तशीच उभी ठेवायची. सकाळी मालक आला की त्याच्या डोळ्यांदेखत तो कागद बाहेर ओढायचा आणि दोन्ही बाजूंनी फिरवून दाखवायचा. तेलाचा एक थेंब नाही. मग त्या कागदाची नीट घडी घालून किल्लीबरोबर हातात द्यायची आणि म्हणायचं, "हे तुमचं सर्टिफिकेट." काही लोक तो कागद गाडीत जपून ठेवत. गाडी विकताना पुढच्या मालकाला दाखवत.

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कामात चोख होता आणि खोटं बिल लावत नव्हता. गॅरेज पत्र्याचं, लहानसं, पण इतकं नेटकं की भिंतीवर प्रत्येक पान्याच्या जागी त्या पान्याचीच आकृती रंगवलेली होती. पाना जागेवर नसला की रिकामी आकृती ओरडून सांगे. फक्त मिस्त्री स्वतःवर फार खूश होता. दुसऱ्या गॅरेजमधून आलेली गाडी उघडली की "कोणत्या महात्म्याने हात लावलाय याला?" हे वाक्य ठरलेलं. आणि एखाद्याची चूक एकदा त्याच्या नजरेला पडली की त्या माणसाची सुटका नव्हती.

त्याच्या मेहुण्याचंच बघा. बायकोचा हा धाकटा भाऊ तरुणपणी मिस्त्रीच्या हाताखाली काम शिकायला आला होता. पोरगा कष्टाळू, पण हाताने कच्चा. एकदा ऑइलच्या टाकीचा बोल्ट आवळताना त्याखालची वायसरची चकती घालायला विसरला. गाडी गेली, वाटेत तेल सांडलं, बोभाटा झाला. मिस्त्रीने त्याला त्या दिवसापासून "वायसर" म्हणायला सुरुवात केली. आधी गॅरेजात, मग घरात, मग गावभर. वायसरने पाने खाली ठेवले आणि सुट्या भागांचं दुकान काढलं. दुकान छान चाललं, लग्न झालं, केस पांढरे झाले, तरी तो वायसरच राहिला. त्याची सख्खी बहीणसुद्धा त्याला त्याच नावाने हाक मारी. तो हसून ओ देई. विसरलेल्या एका चकतीने माणसाचं नाव पुसलं होतं आणि मिस्त्रीला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

तर एके दिवशी नर्सबाई आपली गाडी घेऊन आल्या. गाडी जुनी, छोटी, पण रोजची. बाई पलीकडच्या गावातल्या इस्पितळात कामाला होत्या आणि जाऊन येऊन बराच पल्ला होई. त्यांच्या इमारतीच्या आवारात गाडीखाली तेलाचे डाग पडायला लागले होते. तळमजल्यावरचे गृहस्थ त्या डागांवर लाकडाचा भुसा टाकत आणि टाकताना बाईंच्या खिडकीकडे बघून खाकरत. बाई या खाकरण्याला कंटाळल्या होत्या.

मिस्त्री गाडीखालच्या खड्ड्यात उतरला, दिवा लावला, बोटाने तेल पुसून वास घेतला. गिअर ऑइल. डाव्या चाकाकडे जाणारा दांडा गिअरबॉक्समध्ये जिथे शिरतो तिथे रबराची एक कडी असते, ऑइल सील. दांडा फिरत राहतो, तेल आत राहतं, ही सगळी करामत त्या कडीच्या पातळशा ओठाची. तो ओठ झिजला होता. जुनं सील काढायचं, नवं बसवायचं, तेल भरायचं. असलं काम मिस्त्री डोळे झाकून करू शकत असे, आणि त्या दिवशी खरं म्हणजे त्याने तसंच केलं.

घाणेरड्या गिअरबॉक्सला हात लावायचा नाही, हा त्याचा नियम. आधी फवाऱ्याने स्वच्छ धुवायचा. पण गिअरबॉक्सच्या डोक्यावर एक बारीक नळी असते, तिला ब्रीदर म्हणतात. गाडी धावली की आतली हवा तापते, फुगते आणि त्या नळीतून बाहेर पडते. धुताना तिच्यातून पाणी आत जायला नको, म्हणून मिस्त्री त्यात कापडाची चिंधी कोंबत असे. हाही त्याचाच नियम, आणि त्याला जोडून दुसरा: चिंधीचं लांब शेपूट बाहेर लोंबत ठेवायचं, म्हणजे काढायचं विसरत नाही.

त्या दिवशी बाकावर एक नवं गिऱ्हाईक येऊन बसलं होतं आणि त्याने विचारलं, "कागद का हो?"

झालं. मिस्त्रीचा हात चिंध्यांच्या डब्यात आणि तोंड गोष्टीत. त्याच्या एका जुन्या हिरव्या चौकड्यांच्या शर्टाचे तुकडे त्या डब्यात होते. हाताला लागला तो तुकडा आखूड निघाला. मिस्त्रीने तो ब्रीदरमध्ये घातला, स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने आत ढकलला, आणि ढकलता ढकलता एका डॉक्टरच्या गाडीखालचा कागद कसा आरशासारखा निघाला ते सांगत राहिला. शेपूट राहिलं नाही. गिअरबॉक्स धुऊन लख्ख झाला. पुढचं काम सुरेख झालं. सीलच्या ओठाला ग्रीस लावलं, चहूबाजूंनी सारखं ठोकत ते बसवलं, दांडा अलगद आत सरकवला. गाडी रात्रभर कागदावर उभी राहिली आणि सकाळी कागद कोरा निघाला. नर्सबाईंनी घडी पर्समध्ये ठेवली आणि म्हणाल्या, आता त्या गृहस्थांनी भुसा त्यांच्याच घरात अंथरावा.

आठवडा झाला नाही तोच बाई परत आल्या. गाडी गळत होती. बाईंनी पर्समधून तो कागद काढून मिस्त्रीच्या टेबलावर ठेवला. चुकून दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे राहिली की आपण परत करतो, तशा अवघडून. मिस्त्रीचे कान तापले. कागद कोरा आणि गाडी गळकी, हे त्याच्या आयुष्यात कधी घडलं नव्हतं. त्याने खाली उतरून बघितलं. तेल नव्या सीलच्या ओठातूनच ओघळलं होतं. मग काय शोधायचं राहिलं? हात आपला, तो चुकत नाही. उरलं सील. आणि सील कुणाकडचं, तर वायसरकडचं.

पहिल्या वेळी तो नीट बोलला. वायसरने बिचाऱ्याने एका शब्दाने वाद न घालता दुसरं सील दिलं. गिअरबॉक्स अजून लख्खच होता, म्हणून पुन्हा न धुता तेही बसवलं, कागद पुन्हा कोरा निघाला, आणि काही दिवसांत गाडी पुन्हा गळायला लागली. या वेळी बाई म्हणाल्या की घाई नाही, बघा तुम्ही सावकाश. त्यांच्या त्या समजूतदार आवाजाने मिस्त्रीचा पारा जास्तच चढला. गळकं सील मुठीत धरून तो तडक दुकानात गेला.

सकाळची वेळ. दिवसाचा माल घ्यायला गावातले सगळे मिस्त्री त्याच वेळी काउंटरवर येतात. मिस्त्रीने गर्दीतून वाट काढली आणि सील काउंटरवर आपटलं.

"बहिणीच्या नवऱ्याच्या हातात हा असला माल देतोस," तो म्हणाला, "मग या बाकीच्यांना काय देत असशील?"

एका मिस्त्रीने हातात घेतलेला फिल्टर हळूच काउंटरवर परत ठेवला. वायसरचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने ते सील उचललं, उजेडाकडे धरलं, ओठावरून अंगठा फिरवला, आणि खालच्या आवाजात म्हणाला, "बघतो मी, दाजी." मग आतून त्याच कंपनीच्या वेगळ्या डब्यातलं एक सील आणून दिलं. मिस्त्री ते घेऊन ताठ मानेने बाहेर पडला. परतताना त्याला हलकंसुद्धा वाटलं, हे त्याला पुढे फार बोचलं.

ही बातमी संध्याकाळच्या आत त्याच्या घरी पोहोचली. बायको जेवण वाढताना एवढंच म्हणाली की माल वाईट असेल तर सांगायचा हक्क आहे, पण ते चारचौघांत सांगायची काय गरज होती? मिस्त्रीने गॅरेजच्या इभ्रतीवर लांबलचक भाषण दिलं. तिने ते ऐकून घेतलं आणि भांडी उचलली. दर सुट्टीला ती भावाकडे जायची. त्या सुट्टीला गेली नाही. कोणत्या तोंडाने जाऊ, असं ती शेजारणीजवळ म्हणाल्याचं मिस्त्रीच्या कानावर आलं. आणखीही आलं. दोघातिघा मिस्त्रींनी वायसरकडून माल घेणं बंद केलं होतं. कागदमिस्त्री सख्ख्या मेहुण्याबद्दल असं बोलतो म्हणजे पाणी कुठेतरी मुरत असणारच, असं त्यांचं म्हणणं.

ते तिसरं सील बसवून गाडी गेली होती, आणि मग नर्सबाई तिसऱ्यांदा गळती घेऊन आल्या. या वेळी दुपारी, इस्पितळातून थेट, गाडी गरम असतानाच. आधीच्या दोन्ही वेळा त्या सकाळी, थंड झालेली गाडी घेऊन आल्या होत्या. बाई बाकावर बसल्या, त्यांनी बूट काढून पाय जरा मोकळे केले आणि डोळे मिटले. मिस्त्री खड्ड्यात उतरला. सीलच्या कडेने ताजं तेल झिरपत होतं. आत तेल किती उरलं आहे ते बघावं म्हणून त्याने गिअरबॉक्सच्या अंगावरचा तेल भरायचा बोल्ट सैल केला.

फुस्स झालं. बोल्टच्या आट्यांतून हवा जोरात सुटली आणि कोमट तेलाचे शिंतोडे मिस्त्रीच्या तोंडावर उडाले.

तो तसाच उभा राहिला. गिअरबॉक्समधून अशी हवा सुटत नाही. सुटते तेव्हा तिला बाहेर पडायला दुसरी वाट नसते. तेलाने माखलेल्या चेहऱ्यावर त्याला एकदम गार वाटलं. हात वर गेला, नळी सापडली, बोटाला काहीतरी मऊ लागलं. लांब टोकाच्या चिमट्याने त्याने ते हळूहळू बाहेर ओढलं. तेलाने काळी पडलेली चिंधी. दिव्याखाली धरून पिळली तसे हिरवे चौकडे दिसले.

हा शर्ट कुणाचा, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

गाडी धावे, हवा तापे, वर कोंडली जाई आणि वाट मिळेल तिथून, म्हणजे सीलच्या ओठातून, तेलाला बाहेर ढकली. सीलं तिन्ही चांगली होती. अगदी पहिलंसुद्धा. आणि गाडी गॅरेजात थंड होऊन रात्रभर उभी राहिली की आत दाबच नसे, त्यामुळे कागद कोरा निघे. इतकी वर्षं ज्या कागदाला तो सर्टिफिकेट म्हणत होता, तो उभ्या गाडीचं सर्टिफिकेट होता. आणि उभी ठेवायला गाडी कोण विकत घेतं?

"सापडलं का हो काही?" वरून बाईंनी विचारलं.

मिस्त्रीने चिंधी खिशात कोंबली. "सापडलं," तो म्हणाला. "आता गळणार नाही."

काय सापडलं हे बाईंनी विचारलं नाही. उलट दुसऱ्या कुणी केव्हाच हात झटकले असते, तुम्ही मात्र पाठपुरावा सोडला नाहीत, असं म्हणून त्यांनी त्याचे आभार मानले. मिस्त्रीने तेल भरलं, सीलची कड पुसली, बाईंना शेजारी बसवून गाव ओलांडून बऱ्याच लांबपर्यंत गाडी पळवून आणली. सील कोरडं ठणठणीत. कागद या वेळी त्याने अंथरला नाही. बाईंनीही मागितला नाही. गाडी गेली आणि मिस्त्री बाकावर बसला. खिशातलं तेल पाझरून पँटवर डाग पडला होता आणि मांडीला ओलं लागत होतं. त्याला इतकी लाज वाटत होती की गॅरेजात कुणी नसतानाही त्याने तो डाग हाताने झाकला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो दुकानात गेला. वेळ मुद्दाम निवडली होती. त्या वेळी दुकानात चिटपाखरू नसतं. वायसर आतल्या खोलीत जमिनीवर बसला होता. समोर पत्र्याचा मोठा डबा, हातात रबर कापायची सुरी. एकेक सील उचलायचा, ओठावर सुरी ठेवायचा, आरपार कापायचा आणि डब्यात टाकायचा. डबा जवळजवळ भरला होता.

मिस्त्री उंबऱ्यातच थांबला. हे काय चाललंय, असं त्याने विचारलं. खरं तर त्याला दिसत होतं.

वायसरने सांगितलं. ठोक व्यापाऱ्याशी त्याचं कडाक्याचं भांडण झालं होतं. माल उत्तम आहे, हवं तर कंपनीचा माणूस पाठवतो, असं तो व्यापारी म्हणत होता. वायसरने त्याला सुनावलं की कंपनीचा माणूस आमच्या दाजींना काय शिकवणार? व्यापाऱ्याने माल परत घ्यायला नकार दिला. मग वायसरने या कंपनीची झाडून सगळी सीलं बाहेर काढली, सगळ्या मापांची. नुसती भंगारात टाकली तर कुणीतरी पुसून पुन्हा विकेल, म्हणून कापत बसला होता.

"तुमच्या हाताखाली मी काम केलंय, दाजी," तो म्हणाला. "तुमचा हात चुकत नाही. म्हणजे चूक मालाचीच असणार."

हे तो टोमणा मारून बोलला असता तर मिस्त्रीला बोलणं सोपं गेलं असतं. पण वायसरच्या आवाजात टोमणा नव्हता. त्याला ते खरंच वाटत होतं. ज्याला आयुष्यभर वायसर म्हणून हिणवलं, तो हा माणूस आपल्या दुकानाचा माल स्वतःच्या हाताने कापत होता, आणि कशाच्या भरवशावर, तर मिस्त्रीच्या शब्दाच्या. मिस्त्रीच्या खिशात ती चिंधी होती. धुऊन, वाळवून, घडी घालून आणली होती. हात खिशापर्यंत गेला आणि घडीवर बोटं टेकून तिथेच राहिला.

वायसरने फळीवरचा एक बंद डबा दाखवला. "हा एवढाच उरलाय. मोठ्या गाड्यांची सीलं आहेत, महागाची. कंपनी तीच, पण माप वेगळं. कापवत नाही मला. तुम्ही सांगा दाजी, ठेवू की कापू?"

यापेक्षा सोपी संधी देवानेही दिली नसती. ठेव, माल चांगला आहे, एवढंच म्हणायचं होतं. पण का, असा पुढचा प्रश्न आला असता आणि त्याचं उत्तर खिशात होतं.

"तुला योग्य वाटेल ते कर," मिस्त्री म्हणाला, आणि पॉलिश पेपरचे दोन तुकडे विकत घेऊन बाहेर पडला. पॉलिश पेपरची त्याला काडीची गरज नव्हती.

घरी आल्यावर मात्र त्याला राहवेना. बायको खिडकीपाशी उसवलेल्या कॉलरला टाके घालत होती. त्याने चिंधी तिच्यासमोर ठेवली. तिने ती बोटांत धरली, चौकडे ओळखले. तिनेच तो शर्ट दोनदा शिवून दिला होता. मिस्त्रीने सगळं सांगितलं. आखूड तुकडा, बाकावरचं गिऱ्हाईक, कागदाची गोष्ट, फुस्स झालेली हवा, दुकानातला पत्र्याचा डबा. त्याला वाटलं होतं, ती तोंड सोडेल. तिने बोल लावले असते तर त्याला बरंच वाटलं असतं.

"मला कशाला सांगताय?" ती म्हणाली. "तुम्ही नावं मला ठेवली नव्हती."

"दुपारी गेलो होतो मी. तोंड उघडेना."

"दुपारी दुकानात कोण असतं?" तिने दोरा दाताने तोडला. "तेव्हा सकाळी गेला होतात ना तुम्ही?"

शर्ट त्याचाच होता, टाके घालून झाल्यावर तिने तो खुंटीला अडकवला. सकाळी त्याने तोच घातला.

दुकानाच्या पायऱ्या चढताना त्याला वाटलं, गर्दी नसेल तर बरं. गर्दी होती. सगळे ओळखीचे. त्या दिवशी फिल्टर परत ठेवणारा मिस्त्रीही होता. तो म्हणे फक्त एक बल्ब घ्यायला आला होता. वायसर शिडीवर चढून काहीतरी काढत होता. मिस्त्री काउंटरपाशी पोहोचला, खिशातून चिंधी काढली आणि जिथे सील आपटलं होतं बरोबर त्याच जागी ठेवली. या वेळी आवाज झाला नाही. त्यामुळे कुणाचं लक्षही गेलं नाही. त्याला खाकरावं लागलं.

वायसर शिडीवरून उतरला. त्याने आधी चिंधीकडे बघितलं, मग मिस्त्रीकडे. वायसर हाताने कच्चा होता, डोक्याने नव्हता. शिवाय चिंधी कुठे कोंबतात हे मिस्त्रीनेच त्याला शिकवलेलं होतं. त्याच्या चेहऱ्यावर सगळं उमटलं आणि लगेच मिटलं. त्याने चिंधी पटकन उचलून गल्ल्याच्या खणात टाकली आणि मोठ्याने म्हणाला, "दाजी, ते सील खराबच होतं. मी बघितलंय. चहा सांगू का?"

तो मिस्त्रीला झाकत होता. त्याच दुकानात, त्याच लोकांसमोर, स्वतःच्या मालाला खराब म्हणून. मिस्त्रीला भूमी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. क्षणभर मनात आलंही, घ्यावा चहा. पोरगा आपणहून वाट काढून देतोय, तर निघून जावं. या विचाराची त्याला नंतर चिंधीपेक्षाही जास्त लाज वाटली.

"नाही," तो म्हणाला. "सील चांगलं होतं. तिन्ही सीलं चांगली होती. मीच ब्रीदरमध्ये चिंधी कोंबून विसरलो. गाडी त्यामुळे गळत होती. त्या दिवशी मी इथे जे बोललो ते खोटं होतं. याचा माल खणखणीत आहे. चूक माझी आहे."

मग मागून एक जण म्हणाला की याला वायसर म्हणतात, तर आता मिस्त्रीला चिंधी म्हणायचं काय? थोडे हसले. मिस्त्रीने मान हलवली आणि म्हणाला, म्हणा. त्याला ते हसणं लागलं नाही. लागलं ते हे, की वायसर हसला नव्हता. एवढी वर्षं त्याच्यावर हसणाऱ्यांत मिस्त्री सगळ्यांत पुढे होता.

बल्बवाल्या मिस्त्रीने बल्बबरोबर एक फिल्टरही मागितला. वायसरने तो बांधून दिला. हळूहळू गर्दी पांगली. मिस्त्री तिथेच उभा होता. माफ कर म्हणायचं होतं, पण मेहुण्याला माफ कर म्हणायची जिभेला सवय नव्हती. म्हणून त्याने जे हातात होतं तेवढं तरी वाचवू बघितलं.

"तो फळीवरचा डबा ठेव," तो म्हणाला. "मोठ्या गाड्यांचा. कापू नकोस. माल चांगला आहे."

वायसरने फळीकडे बघितलं नाही. तो काउंटर पुसत होता, आधीच पुसलेला.

"तो काल संध्याकाळी कापला, दाजी," तो म्हणाला. "तुम्हाला विचारलं, तर तुम्ही ठेव म्हणाला नाहीत."

मिस्त्रीने काउंटरला हात टेकला. वायसरने आतून स्टूल आणून त्याच्या मागे ठेवलं आणि खरोखरच चहा सांगितला. दोघांनी तो प्यायला. मध्येच वायसरने खण उघडून चिंधी बाहेर काढली, तिची घडी घातली आणि दाजींच्या हातात दिली. मिस्त्रीने ती घेतली. गिऱ्हाइकांना तो कागद द्यायचा, तेव्हा अशीच घडी असायची.

गॅरेजात आता तो कागद अंथरत नाही. गाडी लांबवर पळवून आणतो, गरम असतानाच खाली उतरून हात फिरवतो, आणि मग किल्ली देतो. नवं गिऱ्हाईक अजूनही कधीतरी विचारतं, "कागद का हो?" तेव्हा तो आधी हातातलं काम पुरं करतो. मग हिरव्या चौकड्यांच्या शर्टाची गोष्ट सांगतो. सांगताना त्याची मान वर होत नाही. मेहुण्याला तो आता त्याच्या नावाने हाक मारतो. लहानपणी आईवडिलांनी ठेवलेलं ते नाव. पहिल्यांदा मारली तेव्हा वायसरने ओ दिली नव्हती. आपल्याला बोलावतायत हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं.

त्या सगळ्या मालातलं एकच सील शाबूत राहिलं. ते नर्सबाईंच्या गाडीत आहे, आणि गळत नाही.